फुरकान, वाघ हाय का?

खैरुनबीच्या पडवीत वाघ येऊन बसला तेव्हा खैरुनबी आत कांदा चिरत होती. वाघ आल्याचं तिला पडवीतून कळलं नाही, दोह्याहून कळलं.

फोन वाजला तशी तिने ओढणीला हात पुसले आणि तो कानाला लावला.

"अम्मी, भायेर जाऊ नको!"

"कोण बोलतंय?"

"अगो, मी फुरकान!"

"फुरकान?" खैरुनबी होती तिथे पाटावर बसलीच. "या अल्ला! किती दिवसांनी रे बाळा! आवाज कसा बसलाय तुझा. सर्दी झालीय का?"

"अम्मी, ऐक. पडवीत वाघ हाय."

"तिकडं गरमी लई असंल ना आता?"

"अम्मी! आपल्या पडवीत! तुझ्या खुर्चीपाशी वाघ हाय!"

"काय करतोय?"

"बसलाय."

"मग बसू दे. तू जेवलास का?"

महाडच्या या टोकाला बिबट्याला बिबट्या म्हणणारा माणूस एकच, तो म्हणजे वनखात्याचा. बाकी सगळ्यांचा तो वाघ. आणि वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, मग नावावरून वाद कशाला? मोहल्ला संपतो तिथे नाला, नाल्यापलीकडे उंच गवत आणि गवतामागे डोंगर. डोंगरावरून मोहल्ल्यात उतरणारी वाट माणसांना जितकी सोयीची, तितकीच त्यालाही होती. आजवर तो यायचा, एखादं कुत्रं उचलायचा आणि गुपचूप जायचा. पडवीत येऊन पाहुण्यासारखा बसायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

फुरकानला तो दिसला कॅमेऱ्यातून. फुरकान कतारला, दोह्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत मुकादम होता. मुकादम हा खैरुनबीचा शब्द; तो स्वतःला सुपरवायझर म्हणायचा. मागच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने पडवीच्या खांबावर एक पांढरा कॅमेरा बसवला. स्वस्तातला होता, त्यातून आवाज जात-येत नसे, पण चित्र स्वच्छ दिसे. समोर काही हललं की दोह्यात फुरकानचा मोबाईल टुंग वाजे. "आता तू एकटी नाय, अम्मी," असं सांगून फुरकान विमानात बसला, आणि त्या दिवसापासून खैरुनबी खरी एकटी पडली.

कारण त्याआधी रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजेनंतर त्याचा फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, नळाला पाणी आलं का. त्यात विचारण्यासारखं काही नसायचं आणि सांगण्यासारखंही काही नसायचं, पण खैरुनबीचा सगळा दिवस त्या फोनच्या वाटेकडे डोळे लावून असायचा. आता फुरकानला सगळं घरबसल्या दिसत होतं. जेवली का? जेवली, खरकटं टाकायला बाहेर आली होती. तब्येत बरी आहे का? बरी आहे, आज अंगण झाडलं. विचारायला उरलंच काय? फारच झालं तर मोबाईलवर एक पिवळा अंगठा यायचा. पोटच्या पोराने आईला अंगठा दाखवावा, हे खैरुनबीला मुळीच पसंत नव्हतं.

"तो मला बघतो गो," ती मासे घेऊन येणाऱ्या सुंदराबाईला सांगायची, "पण मी कोणाला बघू?"

"तुझं बरं हाय," सुंदराबाई बोंबील मांडता मांडता म्हणायची. "माझा घाटकोपरला हाय, तो बघत पण नाय."

खैरुनबीने एकदा युक्तीही करून पाहिली होती. दिवसभर पडवीत पाऊलच टाकलं नाही. म्हटलं, आपण दिसलो नाही की जीव घाबराघुबरा होईल आणि फोन करील. संध्याकाळी फोन आला, पण तो शेजारच्या हसनभाईंना. "चाचा, अम्मी दिसत नाय, जरा बघा." हसनभाई आले, खैरुनबीला वरून खालपर्यंत पाहिलं, "बरी हाय" म्हणून दोह्याला कळवलं आणि चहा पिऊन गेले. चहात साखर कमी असल्याचंही सांगून गेले.

तेव्हा वाघ जितका वेळ पडवीत बसेल तितका वेळ फोन ठेवायचा नाही, असं खैरुनबीने मनाशी पक्कं केलं.

"अजून हाय का?"

"हाय. पंजा चाटतोय."

"मग ठेवू नको फोन. मला भीती वाटते," असं म्हणून तिने पुन्हा कांदा चिरायला घेतला.

मग तिने फुरकानला साठलेलं सगळं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, वाटणाच्या बिघडलेल्या मिक्सरचं सांगितलं, पाचाडच्या तिच्या बहिणीच्या सुनेला मुलगी झाल्याचं सांगितलं. फुरकान "हं, हं" करत होता आणि मध्येच "अम्मी, दाराला कडी लावलीस ना?" विचारत होता. बाहेर वाघ आणि आत आई, दोघंही उठायचं नाव घेत नव्हते.

"तू मला रोज बघतोस?" तिने विचारलं.

"रोज. ड्युटी संपवून खोलीवर आलो का जेवताना मोबाईल समोर तांब्याला टेकवून ठेवतो. तू पडवीत बसलेली असतेस. मी तुझ्यासंगतीच जेवतो अम्मी."

खैरुनबीची सुरी थांबली. इतके महिने तिचा मुलगा रोज तिच्यासोबत जेवत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. त्याची भेट होत होती, हिची होत नव्हती. तिला रडूही आलं आणि रागही आला, आणि यातलं आधी काय करावं ते तिला सुचेना.

"आणि मी कोणासंगती जेवते रे?" ती म्हणाली.

"गेला!" फुरकान ओरडला.

"कोण?"

"वाघ! हसनचाचांचा कोंबडा उचलून गेला!"

"इतक्यात?" खैरुनबी म्हणाली.

हसनभाईंनी उभी हयात जहाजावर काढली होती. त्यांनी वादळं पाहिली होती, पण आपला कोंबडा दुसऱ्याच्या मोबाईलवर मरताना पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. फुरकानने पाठवलेलं ते चित्र त्यांनी छातीवर दगड ठेवून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकलं, आणि दुपारपर्यंत ते महाडच्या बाजारपेठेपासून एसटी स्टँडपर्यंत सगळ्यांनी पाहिलं. कोर्टात आलेली माणसंही तारखेऐवजी वाघाबद्दल विचारू लागली, असं हसनभाई सांगत. पण हसनभाईंचं सगळंच खरं धरायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक महिपत मोटारसायकलवरून आला. त्याने पडवी पाहिली, नाला पाहिला, चिखलातलं पाऊल पाहिलं आणि चहा घेतला.

"चाची, खात्याचे कॅमेरे सगळे वर पोलादपूरच्या जंगलात लावलेत," तो म्हणाला. "वाघ खाली महाडला आलाय."

"त्याला कोणी सांगितलं नाय वाटतं," खैरुनबी म्हणाली.

महिपतची नजर खांबावर गेली. "हा तुमचा कॅमेरा जरा फिरवू का? पडवी दाखवून काय उपयोग? वाघाची ये-जा समोरच्या वाटेनं हाय. तो दिसला का तुमच्या मुलानं मला फोन करायचा. तवर कोणी छेडू नका, आपसूक जाईल डोंगरात."

खैरुनबीचं डोकं अशा वेळी फार झटकन चाले. कॅमेरा वाटेकडे वळला म्हणजे पडवी दिसणार नाही. पडवी दिसणार नाही म्हणजे आपण दिसणार नाही. आणि आपण दिसलो नाही, तर जेवली का हे पोराला तोंडाने विचारावं लागेल.

"फिरवा," ती म्हणाली. महिपतने काठीने कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. "अजून थोडा फिरवा. एवढ्यावर माझ्या खुर्चीचा पाय अजून दिसेल."

तिचा हिशेब बिनचूक ठरला. त्या संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून ती उठते न उठते तोच फोन वाजला.

"अम्मी, जेवलीस का?"

"नाय," खैरुनबी म्हणाली. ती जेवली होती. पण हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. फोन वेळेवर यायचा, कधी दिवसातून दुसऱ्यांदाही यायचा. सुंदराबाईच्या डोळ्यांवर येण्याइतकी खैरुनबी हसतमुख दिसू लागली. रात्री दुवा मागताना ती सगळ्यांसाठी मागायची, आणि शेवटी आवाज खाली आणून त्या जनावरासाठीही मागायची. वाघ सुखरूप राहो, मोहल्ल्याच्या आसपासच राहो, फक्त कोणाला खाऊ नको म्हणावं. अल्लाने यातलं सगळंच मंजूर केलं, आणि तिथेच तिचे ग्रह फिरले.

सुरुवात हसनभाईंनी केली. पहाटे फजरच्या नमाजेला निघायचं तर बाहेर अंधार, आणि अंधारात कोंबड्याची आठवण. त्यांनी सरळ दोह्याला फोन लावला.

"फुरकान, वाघ हाय का?"

"चाचा, इथं अजून मध्यरात्र हाय..."

"तुझ्या इथलं कोण विचारतो? आमच्या इथं बघ."

फुरकानने एक डोळा उघडून मोबाईलमध्ये पाहिलं. "नाय. जावा."

हसनभाई निर्धास्त मशिदीत गेले आणि ही सोय त्यांनी चार लोकांना सांगितली. हसनभाईंनी चार लोकांना सांगितलं म्हणजे ते मशिदीच्या भोंग्यावरून सांगितल्यासारखंच होतं. फुरकानचा नंबर घरोघर गेला. कोणी तो भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला, कोणी फ्रिजला चिकटवला. बाहेर पाऊल टाकायचं तर आधी दोह्याला विचारायचं, असा रिवाजच पडला. दूध आणायला जाणारे विचारत, शाळेत पोर सोडणारे विचारत, नाल्यापलीकडून डोक्यावर पाटी घेऊन येणारी सुंदराबाईसुद्धा पुलावर थांबून विचारी. तिच्या मते फुरकानचा आवाज फोनवर अगदी आकाशवाणीसारखा यायचा.

गोष्ट वाघापर्यंतच थांबली असती तरी निभावलं असतं. पण घराबाहेर काय चाललंय हे घरात बसून कळतंय म्हटल्यावर माणूस फक्त वाघावर समाधान मानत नाही.

"फुरकान, रिक्षा आली का? आली असली तर चप्पल घालते."

"फुरकान, आमची बकरी तिकडं गेली का रे? पांढरी. कान काळा."

"भाईजान, माझी सासू वळणावर दिसली का मिस कॉल द्या. बस्स, एकच मिस कॉल."

नाल्यात कचरा कोण टाकतं यावरून दोन घरांत जुना तंटा होता. तोही आता दोह्याला गेला. फुरकानने खरं सांगितलं आणि एक घर त्याच्याशी बोलेनासं झालं. त्या घरातली माणसं मात्र बाहेर पडताना फोन करीतच. फक्त सलाम करीत नसत.

आणि या सगळ्या गर्दीत खैरुनबीचा फोन लागेना. मगरिबनंतरची वेळ तर सगळ्यांचीच बाहेर पडायची. ती वाट बघून बघून स्वतःच फोन लावी, आणि आतली बाई गोड आवाजात सांगे की आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. "कोणाच्या कॉलवर?" खैरुनबी तिला विचारी. बाई तेच वाक्य पुन्हा म्हणे.

एक दिवस तिने सुंदराबाईचा फोन मागून घेतला. तिच्या हाताचा गुण असेल, पहिल्याच झटक्यात लागला. खैरुनबीला इतकं भरून आलं की ओठांवर आलं ते सगळ्या मोहल्ल्याच्या ओठांवर असायचं तेच.

"फुरकान, वाघ हाय का?"

"नाय चाची, जावा बिनधास्त," फुरकान म्हणाला आणि फोन बंद झाला.

खैरुनबीने मोबाईल सुंदराबाईच्या हातात दिला.

"काय गो, काय बोलला?"

"चाची बोलला मला," खैरुनबी म्हणाली. त्या दिवशी तिने बोंबील घेतले, पण ते तळले नाहीत.

तिला मुलाचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. तो दोन दिवसांत उतरतो. तिला नुसतं वाटत होतं की आपण हातात आलेली गोष्ट सगळ्या गावाला वाटून बसलो. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. आता तिच्या मुलाला मोहल्ल्यातली प्रत्येक बकरी दिसत होती आणि आई तेवढी दिसत नव्हती, आणि तो कॅमेरा तिनेच "अजून थोडा फिरवा" म्हणून फिरवून घेतला होता.

तिकडे दोह्यात फुरकानचं घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं असं होऊन बसलं होतं. झोप उडाली होती. एक डोळा इस्त्रीच्या यंत्रावर आणि दुसरा महाडच्या वाटेवर. पण वाट बघता बघता त्याला दुसरंच काहीतरी होऊ लागलं होतं. वाघ क्वचितच दिसे. बाकी वेळ नुसती वाट दिसे. तिच्यावरून जाणारी माणसं, शाळेची पोरं, नाल्याकडून येणारी सुंदराबाई, आणि उन्हं कलली की हसनभाईंच्या कुंपणावर टेकणारी सावली. गल्फमध्ये माणूस घराची आठवण काढत नाही; काढली तर राहणं कठीण होतं. फुरकानला ती दिवसभर, कामाच्या वेळेत, चित्रासकट बघावी लागत होती.

शेवटी एका दुपारी हसनभाईंच्या भिंतीवर खरोखर वाघ दिसला. फुरकान महिपतला फोन लावू लागला, महिपत फोन उचलेना, आणि तेवढ्यात हॉटेलात उतरलेल्या कोण्या अरबाचा पांढराशुभ्र पायघोळ झगा यंत्राखाली राहून गेला. धूर निघाला. साहेब धावत आला. फुरकानने त्याला मोबाईल दाखवून जमेल तशा अरबीत सांगितलं, की वाघ होता.

साहेबाने मोबाईलमध्ये पाहिलं. झग्याकडे पाहिलं. फुरकानच्या तारवटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मनाने तो चांगला माणूस असावा. "घरी जा," तो म्हणाला. "आधी तुझा वाघ बघून ये, मग कपडे बघ."

फुरकान घरी येतोय हे खैरुनबीला हसनभाईंकडून कळलं, आणि हसनभाईंना ते फुरकान रिक्षाबद्दल सांगताना बोलता बोलता म्हणाला होता. पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिने गाद्या उन्हात टाकल्या. गुडघा विसरून माळ्यावरची मोठी भांडी काढली. सुंदराबाईला सांगून गावठी कोंबडी आणवली, तांदूळ भिजत घातले, आणि नारळ खवता खवता ती आपल्याशीच काहीतरी गुणगुणू लागली. खूप वर्षांपूर्वी ती असं गुणगुणायची.

फुरकान जीपमधून उतरला तेव्हा अर्धा मोहल्ला वाटेवर उभा होता. हसनभाईंनी त्याला मिठी मारली, पाठ थोपटली, डोळे पुसले आणि विचारलं, "मोबाईल चालू हाय ना?"

"हाय चाचा. पण आता मी इथंच हाय..."

"तू कुठं पण अस रे. कॅमेरा त्या मोबाईलातच दिसतो ना?"

त्यात खोटं काही नव्हतं. फोन येत राहिले. आधी त्याला दोह्याला करत होते, आता शेजारच्या घरातून करू लागले, एवढाच फरक. घरात बोलावून विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही आणि फुरकानच्याही आलं नाही. तो आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाईलमध्ये बघायचा. दोह्यात बसायचा तसाच, फक्त इथे पलंग रुंद होता. एखादा फोन आपण घेतला नाही आणि नेमका त्यालाच वाघाने धरला तर? या विचाराने त्याला मोबाईल खाली ठेववत नव्हता. पोरगा मुळातच जबाबदार होता. खैरुनबीने त्याला तसा वाढवला होता आणि आता तिला त्याचा पश्चात्ताप होत होता.

ती त्याच्यासमोर बसायची. "दुबळा झालास," म्हणायची. तो म्हणायचा, "हं." ती म्हणायची, "तुझ्यासाठी पाचाडला एक मुलगी बघून ठेवलीय." तो म्हणायचा, "नाय चाची, जावा," आणि मग मान वर करून, "तुला नाय गो अम्मी, फोनवर बोललो."

तिथे लांब होता तेव्हा तो तिला समोर ठेवून जेवायचा. इथे ती समोर होती आणि तो वाट समोर ठेवून जेवत होता. खैरुनबीला वाटलं, असं येण्यापेक्षा त्याची वाट बघण्यात तरी एक गोडी होती.

त्या संध्याकाळी तिने तव्यावरचे तांदळाचे पोळे उतरवले. पांढरे, जाळीदार, कडेला कुरकुरीत. ताटात मऊ पोळ्यांची चळत रचली, बाजूला कोंबडीचा लालभडक रस्सा वाढला.

"फुरकान, जेवायला ये रे."

"आलो."

थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा "आलो" आलं. पोळ्यांची वाफ विरायला लागली. तिसऱ्यांदा हाक मारण्याऐवजी खैरुनबीने ताट उचललं, ओढणी डोक्यावर घेतली आणि ती तरातरा बाहेर निघाली. पडवी ओलांडली, अंगण ओलांडलं आणि वाटेच्या मधोमध जाऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. फुरकानला न विचारता त्या वाटेवर पाऊल टाकणारं माणूस मोहल्ल्यात फार दिवसांत निघालं नव्हतं.

आत फुरकानचा मोबाईल टुंग वाजला. त्याने पाहिलं. संधिप्रकाशात त्याची आई ताट घेऊन उभी होती. वरून बघितल्यामुळे ती बुटकी दिसत होती, आणि रागाने काहीतरी बोलत होती. खिडकीतून तिचा आवाजही येत होता. "इथं दिसते का रे मी तुला? इथं तरी दिसते का?" पण फुरकानचं लक्ष चित्रात होतं. त्याला हसू आलं. आईचा हा राग त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

मग त्याला तिच्या मागे, हसनभाईंच्या भिंतीवर, काहीतरी लांबडं हललेलं दिसलं.

त्याने आजवर जे केलं होतं तेच केलं. 'अम्मी' असं लिहिलेलं होतं तिथे बोट दाबलं आणि फोन कानाला लावला.

रिंग वाजू लागली. घरातही कुठेतरी काहीतरी वाजू लागलं.

"उचल गो," तो पुटपुटला. "अम्मी, उचल, उचल!"

अम्मी उचलेना. वाघ भिंतीवरून खाली उतरला आणि खाली बसून ताटाच्या दिशेने वास घेऊ लागला. फुरकान चिडला. ही बाई फोन कधी म्हणजे कधी जवळ ठेवत नाही! आणि हे घरात मघापासून कोणाचं वाजतंय? तो आवाजाच्या मागे स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर, पिठाच्या पातेल्याशेजारी, अम्मीचा फोन थरथरत होता आणि त्यावर त्याचंच नाव आलं होतं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, की आपण दोह्यात नाही. मध्ये समुद्र नाही. मध्ये एक उंबरठा आहे.

तो अनवाणी धावला. पडवीतून त्याने कशी उडी मारली हे त्याला नंतर आठवेना. त्याने खैरुनबीचं मनगट पकडलं आणि तिला खेचत, अर्धी उचलत घरात आणलं, दार लोटलं, कडी घातली, आणि दोघंही दाराला पाठ लावून खाली बसले. ताट बाहेर खणखणत पडलं.

"काय रे हे?" खैरुनबी धापा टाकत म्हणाली. "पोळे सांडले ना सगळे."

"अम्मी, वाघ हाय."

"कुठं?"

"तुझ्या मागं होता."

"मग सांगायचं तरी," ती म्हणाली, "मी फिरून बघितला असता. इतके दिवस त्याच्यासाठी दुवा मागते, तोंड पण नाय बघितलं."

बाहेर ताट दगडावर घासल्याचा आवाज येत होता. कोणीतरी सावकाश, मन लावून रस्सा चाटत होतं. फुरकानने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. खैरुनबीच्या आलं होतं. ती अगदी गप्प बसून राहिली, हललीसुद्धा नाही, कारण हललं तर त्याच्या लक्षात येईल आणि तो हात सोडील. लहानपणी नाला ओलांडताना तो असा धरायचा. तेव्हा हात त्याचा लहान होता आणि भीती स्वतःसाठी होती.

फुरकानच्या दुसऱ्या हातातला मोबाईल वाजू लागला. त्यावर हसनभाईंचं नाव होतं. सवयीने त्याचं बोट पुढे झालं. त्याआधी खैरुनबीने आपल्या मोकळ्या हाताने तो काढून घेतला आणि कानाला लावला.

"फुरकान, वाघ हाय का रे?" हसनभाईंनी विचारलं. "जरा पान खायला निघालो होतो."

"हाय," खैरुनबी म्हणाली. "फुरकानच्या वाटचं जेवतोय."

"कोण, खैरुनबी? मग फुरकान कुठं हाय?"

"फुरकान घरी आलाय," ती म्हणाली आणि तिने फोन बंद करून टाकला.